कोपराखाली चार बोटं

"काका, हा ओटा घरासाठी केला होता की बालवाडीसाठी?" ओटे बसवणारा माणूस टेप गुंडाळत म्हणाला.

मुलगा हसला नाही. सूनही हसली नाही. मी म्हणालो, "घरासाठी. मीच केलाय."

"नाही, काम पक्कं आहे हां," तो घाईघाईने म्हणाला. "असलं लाकूड आता बघायलाही मिळत नाही. पण उंची बघा ना. घरात सगळी माणसं ताडमाड आणि ओटा हा असा. यावर काम करणाऱ्याची कंबर राहील का?"

"नाहीच राहिली," मुलगा म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

सुनेने त्या माणसाच्या हातात चहाचा कप दिला. "तुम्ही चहा घ्या. ओट्याचं काही करायचं नाहीये."

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलीस का?" मुलगा म्हणाला.

"डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितलंय. ओटा मोडा म्हणून नाही सांगितलं."

"न वाकता या ओट्यावर काय करणार तू?"

"बसून करीन. स्टूल घेईन." मग ती जरा हळू बोलली. "आईंसाठी केलेला ओटा आहे तो. आईंना जाऊन किती दिवस झालेत? त्यांचा ओटा मी हलवू देणार नाही. मला नाही जमायचं ते."

ओटेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. घरात असं काही अडलं की बाहेरचा माणूस म्हाताऱ्याकडे बघतो. मी चहा प्यायलो. या भांडणाचं उत्तर माझ्याजवळ होतं. एका वाक्याचं होतं. पण ते वाक्य बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं, आणि जिला कबूल केलं होतं ती आता सोडवणूक करायला नव्हती.

ओटेवाला गेला. जाताना दारात त्याचं कपाळ वरच्या फळीवर आपटलं. आमच्या घरी नवीन आलेल्या प्रत्येकाचं आपटतं. ती फळीसुद्धा मीच ठोकली आहे, माझ्या बायकोचा हात पोचेल अशी.

तिची उंची माझ्या खांद्याच्याही खाली होती. ती ज्या हॉस्पिटलात कामाला होती, तिथे तिला सगळे लवंगी म्हणत. मागून नाही, तोंडावर. लवंगी मिरची म्हणून लवंगी. तिला ते आवडायचं. "भोपळा म्हणण्यापेक्षा बरं," म्हणायची.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते फळीवर चढलेली. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कपड्यांची खोली होती. शेजारी धुलाईघर, त्यामुळे भिंती कायम कोमट. धुऊन आलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, बाळांची दुपटी तिथे लावून ठेवायची आणि वॉर्डांना एका खिडकीतून द्यायची. त्या खोलीत फळ्या ठोकायचं काम मला मिळालं होतं. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तर कालच ठोकलेल्या फळीवर पाय देऊन एक मुलगी वरच्या फळीवरच्या चादरी काढत होती.

"अहो, पडाल," मी म्हणालो. "ती माल ठेवायची फळी आहे. चढायची नाही."

"मग खाली घ्या की."

"नकाशात एवढीच उंच दाखवलीय."

"नकाशा येणार आहे का रोज चादरी काढायला?"

मी साहेबांना न विचारता सगळ्या फळ्या वीतभर खाली घेतल्या. बिल अडकलं. पण त्यातून माझं लग्न झालं, तेव्हा त्या कामात मला तोटा झाला असं मी कधी म्हणालो नाही.

ती खोली तिने पुढे निवृत्त होईपर्यंत सांभाळली. मी तिला तिथे कामात पुष्कळदा पाहिलं आहे, आणि पाहत राहावं असं ते काम होतं. एवढीशी बाई आणि खाटेची लांबलचक चादर. मधली कड हनुवटीखाली धरायची, दोन्ही हात पसरायचे, आणि जमिनीला टोक न लागता चादर तिच्या अंगाशी मिटत यायची. दुसऱ्या माणसाची गरजच नाही. घरी मात्र चादर वाळली की हाक यायची, "अहो, या, दुसरं टोक धरा." मी रंधा खाली ठेवून जायचो. मला माहीत होतं की तिला एकटीला जमतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे.

त्या खोलीत तिने एक रीत पाडली होती. नवी चादर कडक असते. दिसायला छान, पण अंगाला टोचते. धुऊन धुऊन विरत आलेली चादर मऊ असते. अशा चादरी ती बाजूला काढून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायची आणि वॉर्डात कोणाची पाठ सोलली आहे, कोणाला भाजलं आहे, कोणाचं बाळ दिवसांआधी झालं आहे, याची चौकशी करून त्या खाटेला पाठवायची. पाठवताना वॉर्डबॉयला बजावायची, "कोणी दिली विचारलं तर कपाटाने दिली म्हणायचं."

एकदा एका पेशंटचा भाऊ शोधत खाली आला. कोण ती बाई, तिचे पाय धरायचेत म्हणून. तिने त्याला लोखंडी कपाट दाखवलं. "हे बघा. धरा."

तो गेल्यावर मी म्हणालो, "अगं, त्याला बरं वाटलं असतं."

"मला नसतं वाटलं. आज पाय धरणार, उद्या मी दिसले की मान खाली घालणार. आजारी माणसाने आधीच काय कमी वाकायचं?"

हेच ती घरीही करायची. मुलाच्या दप्तरात नवी कंपासपेटी निघायची. "कोणी आणली?" "कपाटाने." स्वतःच्या ताटातला वाटा त्याच्या ताटात गेलेला असायचा. "कोणी वाढला?" "कपाटाने." मुलगा लहान असताना खरोखरच कपाटाला घाबरून असायचा. त्याच्यापुढे खोटं बोलायचा नाही.

मुलगा माझ्यावर गेला, उंच. आठवीत असतानाच तो तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागला. रागावताना तिला मान वर करावी लागे, आणि मान वर करून रागावता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हापासून तिने कायदा केला. "आधी खाली बस. मग बोलते." तो बसायचा. मग ती कमरेवर हात ठेवून बोलायची. पुढे तो नोकरीला लागला, हाताखाली माणसं आली. एकदा त्याच्या ऑफिसातले दोघे घरी आलेले असताना आतून हिचा आवाज आला, "अरे, जरा बस बघू." तो बोलता बोलता जमिनीवर बसला. ते दोघे घाबरून उभे राहिले.

तर ओट्याची गोष्ट.

लग्नानंतर आम्ही या घरात आलो तेव्हा स्वयंपाकघरात नुसती भिंत होती. मी तिला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, आणि कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीने रेघ मारली. माझे वडील सांगायचे, उभ्याने काम करायच्या टेबलाचं माप कोपरावरून घ्यावं. त्या रेघेवर मी ओटा बसवला. चार पाय, वर जाड फळ्या, त्यावर फरशी. कणीक मळताना तिला खांदे उचलावे लागत नव्हते. शेजारच्या बायका बघायला यायच्या, हसायच्या, आणि आपल्या घरी जाऊन नवऱ्याशी भांडायच्या.

सून आली ती जवळजवळ मुलाएवढीच उंच. आल्या दिवसापासून ती ओट्यावर वाकून काम करायला लागली. तक्रार नाही. थोड्याच दिवसांत माझ्या बायकोने मला अंगणात गाठलं.

"ओटा वर घ्या."

"का?"

"पोरगी रोज कमानीसारखी वाकते. दिसत नाही का तुम्हाला? आणि मी सांगितलं म्हणू नका. नको म्हणून बसेल. वाळवी लागली म्हणा पायांना."

"माप?"

"ते माझ्याकडे आहे."

माप तिने आधीच घेऊन ठेवलं होतं. सुनेला म्हणाली होती, तुला स्वेटर विणते, बाहीचं माप घेऊ दे, भिंतीला टेक, कोपर वाकव. आणि तिची पाठ वळल्यावर, कोपर टेकलं होतं त्याच्याखाली चार बोटं सोडून, माझ्याच पेन्सिलीने रेघ ओढली होती. जरा तिरकी. सून परत वळायच्या आत ती घाईघाईने मारावी लागली होती. नंतर त्या रेघेपुढे तिने पिठाचा मोठा डबा ठेवून दिला.

मी पायांखाली ठोकळे घालून ओटा वरच्या रेघेला नेला. वाळवीचं कारण सांगितलं. सून सरळ उभी राहिली. आणि माझी बायको पाट घेऊन त्यावर उभी राहून कांदा चिरायला लागली.

आठवड्याभरात सून अंगणात आली.

"बाबा, एक सांगू? ओटा होता तसा करा ना. आईंना पाटावर चढावं लागतं. काल घसरल्या असत्या."

"बरं."

"मी सांगितलं म्हणू नका. त्या नको म्हणतील."

मी ठोकळे काढले. ठोकळे ओल धरतात, असं कारण सांगितलं. त्याच संध्याकाळी बायको अंगणात हजर. "खाली का घेतलात? परत वर करा. आणि मी सांगितलं म्हणू नका."

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मी पहार लावून ओटा उचलायचा, ठोकळा घालायचा, काढायचा. वाळवी झाली, ओल झाली, फरशीला चीर जाईल झालं, एकदा तर भूकंपाचा धोका सांगितला. शेजारी भिंतीपलीकडून विचारायचा, "काय हो, तुमच्या ओट्याला ताप चढतो-उतरतो का?" दोघी एकमेकींसमोर ओट्याविषयी चकार शब्द बोलत नव्हत्या. दोघी मला डोळ्याने खुणावत होत्या. मला बायको एक होती, पण तेव्हा घरात मुकादम दोन होते.

शेवटी मी निम्म्या मापाचे ठोकळे कापले आणि ओटा बरोबर मध्ये आणून ठेवला. बायकोला म्हणालो, वर घेतला. सुनेला म्हणालो, खाली घेतला. दोघींनी मान डोलावली. तो ओटा दोघींपैकी एकीच्याही मापाचा नव्हता. एकीला खांदे उचलावे लागत, दुसरीला वाकावं लागे, आणि आपल्याला त्रास होतो आहे म्हणजे दुसरीची सोय झाली असणार, अशा समजुतीने दोघी खूश होत्या. नात झाली, चालायला लागली, शाळेत गेली, ओटा मध्येच राहिला.

नात लहान असताना तिला हे घर म्हणजे राज्य होतं. प्रत्येक कडी, प्रत्येक खुंटी, पाण्याचा माठ, सगळं हाताला येणारं. तिच्या मैत्रिणींना आपल्या घरी पाणी मागावं लागे, ही इथे स्वतः घेऊन प्यायची आणि दुसऱ्यांनाही द्यायची. आजी आणि ती पाठीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि मी डोक्यांवर फूटपट्टी आडवी ठेवून निकाल सांगायचा. मुलगा कधी पुढे गेला ते आजीच्या लक्षातच आलं नव्हतं, नोकरी आणि घर यांत ते वर्ष निघून गेलं होतं. नात पुढे जाताना मात्र तिला बघायचं होतं. ज्या दिवशी पट्टी नातीच्या बाजूने वर झाली, त्या दिवशी ती दूधवाल्याला, भाजीवाल्याला, समोरच्या शिंप्याला थांबवून सांगत सुटली, "हरले मी. बोटभराने." असं आनंदाने हरलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

नंतर ती आजारी पडली. शेवटी तिच्याच हॉस्पिटलात, जनरल वॉर्डात खाट मिळाली. कपड्यांची खोली आता तिच्या हाताखाली तयार झालेली एक बाई बघत होती. ती पहिल्याच दिवशी वर आली, खाटेवरची कडक चादर काढली आणि घडी करून आणलेली एक जुनी चादर घातली. माझ्या बायकोने बोटांनी ती चाचपली. विरलेली, मऊ.

"कोणी दिली?" तिने विचारलं.

ती बाई म्हणाली, "कपाटाने."

दोघी हसल्या. ती बाई लगेच निघून गेली. जिन्यात ती रडत होती, असं मला मुलाने नंतर सांगितलं.

मुलगा आला की खाटेशेजारी जमिनीवर बसायचा. खुर्ची रिकामी असायची, तरी जमिनीवर. एकदा ती म्हणाली, "अरे, खुर्चीवर बस. मी काही बोलणार नाहीये आज."

"बोल ना," तो म्हणाला. "बोल काहीतरी."

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिथे तिचा हात पोचत होता. खाट आणि जमीन यांची उंची तेवढी बरोबर होती.

असंच एकदा दुपारी आम्ही दोघेच असताना तिने मला विचारलं, "घरी ओटा केवढा आहे?"

"आहे की. वर घेतलेला."

"मला कोपरं नाहीत का? मध्ये ठेवलाय तुम्ही."

मी तिची चादर सारखी केली.

"तिला काय सांगितलंत? खाली घेतला म्हणून?"

"हो."

"म्हणजे तीही येत होती अंगणात." तिने डोळे मिटले. हसू बराच वेळ तोंडावर राहिलं. "मला वाटायचंच. वाळवी माझ्या सांगण्यावरून लागत होती, मग ती ओल कोणाच्या सांगण्यावरून यायची?"

मी तिचे पाय दाबत बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी गेले की पुरता वर घ्या. तिच्या रेघेला."

"ती नाही म्हणेल. तूच सांगितलंस असं सांगावं लागेल."

"ते सांगायचं नाही."

"अगं, का पण?"

"रोज त्या ओट्यापुढे उभी राहणार आहे ती. दर वेळी मला आठवून गहिवरायचं का? सरळ उभं राहायला मिळालं तर मोकळ्या मनाने राहू दे. कबूल करा."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होतो?

तिच्यामागे घरात सगळं तिच्या मापाचं उरलं. आरशात मला माझी छाती दिसते. खुंटीवर माझा सदरा अडकवला की खाली लोळतो. याचं मला काही वाटत नाही, मी तेवढ्यासाठीच ते केलेलं आहे. पण सुनेची कंबर दुखायला लागली. सकाळी उठताना तिला भिंत धरावी लागे. डॉक्टर झाले, पट्टा झाला, शेवटी मुलाने ओटेवाल्याला आणलं आणि तिने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी आपला जुना मार्ग धरून पाहिला. म्हणालो, "ओट्याच्या पायांना वाळवी दिसतेय. ठोकळे घालावे लागतील."

सून भांडी पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आता कोणाच्या सांगण्यावरून लागली वाळवी?"

मी अंगणात परत आलो.

मुलाने तिला समजावून पाहिलं. तो म्हणाला, "आईला आवडलं असतं का तुझं असं वाकणं?" ती म्हणाली, "आईंना काय आवडलं असतं ते आता कोण सांगणार?" मी तिथेच बसलो होतो. सांगणारा तिथेच होता.

चार दिवस मी अंगणात नुसता बसलो. रंध्याला धार लावली, परत लावली. सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर माझ्या डोळ्यांसमोर या मुलीची कंबर मोडते, आणि तीही लवंगीच्या नावाने. जी बाई आजारी माणसाला आपल्यापुढे मान वाकवू देत नव्हती, तिच्या आठवणीत हे घर वाकायला लागलं होतं. हे मला पटत नव्हतं. पण कबूल केलं ते केलं होतं.

मग रविवारी मी स्वयंपाकघरात गेलो. सून कणीक मळत होती. मध्येच थांबून तिने पीठ भरलेला हात कमरेच्या मागे नेला आणि तसाच, कमरेला न लावता, हवेत धरला. नात शेजारी उभी राहून काहीतरी चिरत होती. तीही आता उंच झाली आहे. तीही वाकली होती. दोघी एकीमागे एक तशाच.

मी पुढे झालो आणि पिठाचा डबा सरकवला.

"काय हवंय बाबा? मी देते," सून म्हणाली.

"काही नको. हात पूस आणि इथे ओट्याच्या कडेला भिंतीला टेक."

"का?"

"टेक तर. आता कोपर वाकव."

ती टेकली. कोपर वाकवलं. नात सुरी ठेवून बघायला लागली. डब्यामागच्या भिंतीवर रंग जुनाच राहिला होता आणि त्यावर पेन्सिलीची रेघ होती. जरा तिरकी.

नातीने आईच्या कोपराखाली आपली चार बोटं धरली. बोटांची खालची कड रेघेला लागली.

"आई, बरोबर आहे," ती म्हणाली. "हे तुझं माप आहे."

सून वळली. वाकून रेघेकडे पाहिलं. "हे माझं... हे तर स्वेटरचं माप. आईंनी घेतलं होतं, मी नवीन आले होते तेव्हा." तिने रेघेवर बोट ठेवलं. "तो स्वेटर कधी आलाच नाही. मला वाटलं, विसरल्या."

मी डबा पुसत राहिलो. त्याला पुसण्यासारखं काही नव्हतं.

"बाबा, ही रेघ कोणी मारली?"

"भिंतीने," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली आहेत की कपाट म्हणजे कोण आणि भिंत म्हणजे कोण हे तिला विचारावं लागत नाही. तिने ओट्याखालच्या पाटाकडे, मग ओट्याकडे, मग परत रेघेकडे पाहिलं.

"म्हणजे वर घ्यायला त्या सांगायच्या," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला खाली घ्यायला सांगत होते."

"कोण काय सांगायचं ते मी कोणाला बोललेलो नाही," मी म्हणालो. "तेव्हाही नाही आणि आताही नाही."

"त्यांना कळलं होतं का? माझं?"

"मी नाही सांगितलं."

"ते नाही विचारलं मी."

मी होकाराची मान हलवली. तेवढी मान हलवायला माझ्या मते हरकत नव्हती.

सून पीठ लागलेल्या हाताने तोंड पुसत हसली आणि मग तिला रडू आलं, आणि नातीने नेमकं काय झालं ते न कळताही तिला धरलं. मी अंगणात जाऊन पहार आणि ठोकळे घेऊन आलो. मोठे ठोकळे मी टाकून दिले नव्हते. इतकी वर्षं अवजारांच्या पेटीमागे होते.

मुलगा घरीच होता. आवाज ऐकून आला. "काय चाललंय? बाबा, तुम्ही उचलू नका ते, मी उचलतो."

"आधी खाली बस," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं की बसून उचल, पाठीवर जोर देऊ नकोस. पण तोंडातून तिचंच वाक्य निघालं. तो बसला. बसल्या बसल्याच त्याने पहार लावली, ओट्याचा कोपरा उचलला आणि नातीने हात घालून लहान ठोकळा काढून मोठा सरकवला. चारही कोपरे झाले. मी वर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मध्ये आला.

सून ओट्यापुढे जाऊन उभी राहिली. परात पुढे ओढली. राहिलेली कणीक मळायला घेतली. खांदे खाली, पाठ सरळ. तिची मान बायकोच्या वेळी कधी दिसली नव्हती इतकी वर होती.

"कसं वाटतंय?" मुलाने विचारलं.

"बरं वाटतंय," ती म्हणाली. "कोणी केलं विचारू नका फक्त."

ओटा वर गेल्यावर वरची तिरकी रेघ फरशीच्या मागे झाकली गेली. खालची रेघ, जी मी लग्नाच्या वर्षी मारली होती, ती इतके दिवस फळ्यांच्या आड होती, ती आता ओट्याखाली उघडी पडली. सरळ आहे. पेन्सिल थोडी पुसट झाली आहे, पण आहे. मुलाने नंतर स्वयंपाकघराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला सांगितली. तो म्हणाला, "ओट्याखाली कोणाला दिसतंय?"

उभ्या माणसाला ती रेघ दिसत नाही, हे खरं आहे. केर काढायला ओट्याखाली वाकलं की दिसते. सून म्हणते, केर मी काढते, आता माझी कंबर बरी आहे. मी तिला काढू देत नाही. ते काम मी माझ्याकडे ठेवलं आहे.